हमीच्या वरची ओळ

आप्पांची वाचा गेली, तेव्हा घरच्यांना सगळ्यात जड गेली ती घरातली शांतता. जन्मभर भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारलेला माणूस. ते घरात यायच्या आधी त्यांचा आवाज जिन्यात यायचा. झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ अशी जड झाली की तोंडातून एक 'हं' सोडला तर काही निघेना. डोकं मात्र लख्ख. त्यामुळे हाल जास्त. पाणी हवं म्हणून हात करावा तर बायको उशी सरळ करायची, खिडकीकडे बोट दाखवावं तर मुलगी पडदा ओढायची, आणि आप्पा डाव्या हाताने कपाळ बडवून घ्यायचे.

ही मुलगी म्हणजे धाकटी; झटक्यानंतर आप्पा तिच्याकडेच राहत होते. चाळिशी उलटली, लेक कॉलेजात जायला लागली, तरी माहेरी सगळे तिला बारकीच म्हणत. दुकानांत लागणारे इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत ती काट्यांच्या आतले प्रोग्राम लिहायची. आप्पांची तगमग बघवेना, तेव्हा तिने घरात पडून असलेला एक जुना टॅबलेट घेतला, त्यावर चित्रं मांडली आणि चित्राला बोट लावलं की आवाज येईल असं केलं. पाणी द्या. पाय दुखतोय. दिवा बंद करा. आवाज नवऱ्याचा भरला, कारण तो पोहायला शिकवायचा आणि तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असं बोलायची त्याला सवय होती. आप्पांनी ही बोलकी पाटी मांडीवर घेतली, सगळी चित्रं नीट निरखली आणि पहिलंच वाक्य जावयाच्या आवाजात जावयालाच ऐकवलं, "टीव्ही बंद करा."

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. टीव्ही बंद झाला.

त्यानंतर आप्पा दोन-अडीच वर्षं होते, आणि बोलत होते. ते गेल्यावर बारकीला ती पाटी पुसून टाकवेना. आणखी कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल म्हणून तिने ती ओपन सोर्स करून इंटरनेटवर ठेवली. म्हणजे कोणीही फुकट घ्यावी, हवी तशी बदलावी, दुसऱ्यालाही द्यावी. नाव ठेवलं 'बोलपाटी'. असे प्रोग्राम ठेवताना खाली एक ठरलेला मजकूर टाकतात, तो तिनेही टाकला. 'ही वस्तू जशी आहे तशी दिली आहे. ती चालेलच अशी कसलीही हमी नाही. तिच्या वापरातून काही नुकसान झाल्यास बनवणारा जबाबदार राहणार नाही.' तिला तो मजकूर फार कोरडा वाटला. पाहुण्याला दार उघडायचं आणि वर 'पाय घसरून पडलात तर मला सांगू नका' म्हणायचं, तसा. म्हणून त्याच्या वर तिने आपल्या मनाची एक ओळ घातली. 'काही अडलं तर बिनधास्त कळवा. मी आहेच.' पुढे स्वतःचा फोन नंबर.

सुरुवातीला महिन्याकाठी एखादा फोन यायचा आणि तो आला की तिला बरंच वाटायचं. मग वाचा-उपचार करणारे लोक आपल्या रुग्णांना बोलपाटी सुचवू लागले, एका दवाखान्यातून ती दुसऱ्यात गेली, आणि फोन वाढले. बारकीने एकही टाळला नाही. दाढ काढायला गेली असताना, अर्धा जबडा बधिर, तिने कोणाला तरी चित्र मोठं कसं करायचं ते समजावलं. पलीकडच्याला वाटलं ती स्वतःच रुग्ण आहे. तो बिचारा हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलत राहिला. बोलपाटीचं इंटरनेटवर चर्चेचं एक पान होतं, तिथे लोक प्रश्न टाकत. तिथेही ती सगळ्यांच्या आधी हजर.

"तू झोपतेस तरी का गं," नवरा विचारायचा, "की नुसते डोळे मिटतेस?"

ती हसून सोडून द्यायची. पण हल्ली फोन वाजला की ती दचकायची. फुकट दिलेल्या गोष्टीचा एवढा धाक का वाटावा, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. समोरचा माणूस वाचा गेलेल्या कोणाच्या तरी घरातून बोलत असायचा. त्याला 'नंतर बघते' म्हणायला तिची जीभ रेटत नसे, एवढं खरं.

अशातच तिने बोलपाटीची नवी आवृत्ती काढली. पाटीत जास्त आवाज भरता यावेत अशी लोकांची मागणी होती, म्हणून आवाज साठवायची जागा बदलली. घरातल्या तीन टॅबलेटवर चालवून पाहिली. ठणठणीत चालली.

मंगळवारी सकाळी ती ऑफिसात काट्यांच्या तपासणीच्या खोलीत होती. तिथे पितळी वजनं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेली असतात आणि हाताचा घाम लागू नये म्हणून हातमोजे घातल्याशिवाय त्यांना कोणी शिवत नाही. फोन थरथरला. एका पुनर्वसन केंद्राचा व्यवस्थापक बोलत होता. झटका आलेल्या, घशाची ऑपरेशनं झालेल्या माणसांना त्या केंद्रात पुन्हा चालायला, गिळायला, बोलायला शिकवत.

"मॅडम, बोलपाटी तुमचीच ना? आमच्या सगळ्या पाट्या मुक्या झाल्यात."

"सगळ्या म्हणजे?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या. सकाळी नवी आवृत्ती टाकली, तेव्हापासून एकातूनही आवाज निघत नाही. दुपारी घरची माणसं भेटायला येणार आहेत. त्यांना मी काय सांगू?"

"मी आत्ता ऑफिसात आहे हो. संध्याकाळी घरी गेले की लगेच बसते."

"संध्याकाळी?" त्याचा आवाज चढला. "तुम्हीच लिहिलंय ना, मी आहेच म्हणून? मग आहात कुठे?"

ती काही बोलायच्या आत फोन बंद झाला.

तासाभरात तो स्वतःच येऊन धडकला. ऑफिसचा पत्ता त्याने कुठून काढला कोण जाणे. स्वागतिका आत येऊन सांगून गेली की कोणीतरी भेटायला आलंय आणि बसा म्हटलं तर बसत नाहीत. बारकी बाहेर गेली. पन्नाशीचा, कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस छातीशी टॅबलेट धरून उभा होता. भिंतीलगत कंपनीचे काटे मांडून ठेवले होते, त्यातल्या एकाला अडकवलेलं गॅरंटीचं कार्ड त्याने हातात घेतलं.

"हा काटा कशाचा? कांदे-बटाटे मोजायचा. त्याला दोन वर्षांची गॅरंटी. आणि तुमच्या पाटीवर माणूस बोलतो, तिला काही नाही? दोन्ही तुम्हीच बनवता ना?"

बारकीला ते लागलं. "साहेब, या काट्याच्या किमतीत मी आहे, तपासणारा आहे, बिघडला तर तुमच्या दारात येणारा माणूसही आहे. बोलपाटीच्या मागे मी एकटी. तीही ऑफिस सुटल्यावर."

"मग तसं लिहायचं होतं."

"लिहिलंय. खालीच लिहिलंय."

"खालचं कोण वाचतं? आम्ही वरचं वाचलं." मग त्याचा आवाज एकदम उतरला. "ते तुम्ही मनापासून लिहिलंय असं वाटलं. म्हणून ही घेतली. विकत मिळणाऱ्याही होत्या."

तिने आत जाऊन अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्याच्या गाडीत जाऊन बसली.

केंद्राच्या दिवाणखान्यासारख्या मोठ्या खोलीत दहा-बारा माणसं बसली होती, काही चाकांच्या खुर्चीत, काही साध्या खुर्चीत. भेटीला आलेली मंडळी जवळ बसून काहीबाही बोलत होती आणि ज्यांच्याशी बोलत होती ते नुसते बघत होते. खिडकीपाशी एक बाई होत्या, मानेभोवती पांढरी पट्टी, केस चापूनचोपून बसवलेले. त्या पाटीवरच्या एकाच चित्रावर बोट दाबत होत्या. पुन्हा पुन्हा. दर वेळी आधीपेक्षा जोरात. शेजारी त्यांचा नवरा बसला होता, गुडघ्यावर पिशवी घेऊन.

"मघापासून काहीतरी सांगतेय," तो बारकीला म्हणाला. तिला तो तिथल्याच कामावरची समजला असावा. "चित्रं सगळी लहान-लहान, मला नीट दिसत नाहीत. शाळेत गणित शिकवायची हो ही. आख्खा वर्ग एका आवाजात गप्प करायची."

"बघू द्या मला जरा," बारकी म्हणाली.

"त्यात काही पुसलं नाही ना जाणार?" त्याने पाटी तिच्या हातात दिली खरी, पण बोटं सोडली नाहीत. "यात तिचाच आवाज आहे. घशाचं ऑपरेशन व्हायच्या आधी रोज बसून भरून ठेवलाय. आमच्याकडे दुसरीकडे कुठे नाही तो."

बारकीच्या मनात आलं, आपल्या नवऱ्याचा आवाज पुन्हा भरता येतो, कोणाचाही भरता येतो. हा येणार नव्हता. ती जवळच्या स्टुलावर बसली आणि पाटी मांडीवर घेतली. व्यवस्थापक तिच्या मागे येऊन उभा राहिला होता, त्याचा श्वास ऐकू येत होता.

टॅबलेट फोटोंनी आणि व्हिडिओंनी गच्च भरलेला होता. नातवंडांचे वाढदिवस, व्यायामाचे धडे, काय काय. ते पाहिल्यावर तिच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. नव्या आवृत्तीने आवाज नव्या जागी हलवायला घेतले असणार, तिथे जागा मिळाली नसणार, आणि तरी जुनी जागा सोडून प्रोग्राम नव्या, रिकाम्या जागेत आवाज शोधत बसला असणार. भरलेल्या टॅबलेटवर तिने तो कधी चालवूनच पाहिला नव्हता. आता प्रश्न एवढाच होता, की सोडताना त्याने जुनी जागा झाडून तर घेतली नव्हती?

तिने जुनी जागा उघडली.

सगळे आवाज जिथल्या तिथे होते. एकही हलला नव्हता.

तिने इतका मोठा श्वास सोडला की बाईंनी वळून पाहिलं. व्यायामाचे काही व्हिडिओ व्यवस्थापकाला विचारून काढून टाकले, आवाज नव्या जागी नेले, पाटी बंद करून पुन्हा चालू केली आणि बाईंच्या पुढ्यात धरली. बाईंनी तेच चित्र दाबलं. खणखणीत, जरा वरच्या पट्टीतला, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज खोलीभर घुमला.

"अहो, चष्मा पुसा."

नवऱ्याने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसायला लागला आणि बराच वेळ पुसतच राहिला. मध्येच त्याने डोळेही पुसून घेतले.

"चूक माझी होती," बारकी उठून व्यवस्थापकाला म्हणाली. "बाकीच्या पाट्याही करून देते."

तिथल्या एका वाचा-उपचार करणाऱ्या मुलीला शेजारी बसवून तिने तशीच गच्च भरलेली एकेक पाटी मोकळी करून सुरू केली. खोलीत आवाज वाढत गेले. कोणी पाणी मागितलं, कोणी पंखा, एका आजोबांनी तर एकच शिवी तीनदा ऐकवली आणि त्यांची सून लाजून लाल झाली. बारकीला वाटलं, आता काहीही होवो.

पण व्यवस्थापकाच्या खोलीत चहा आला आणि चहाबरोबर एक कागदही आला. यापुढे पाटी बंद पडली तर चार तासांच्या आत दुरुस्ती करून देईन, आणि रुग्णांचं काही नुकसान झालं तर जबाबदारी माझी. खाली सहीची जागा.

"आमच्या विश्वस्तांचं म्हणणं आहे," तो तिच्या नजरेला नजर न देता म्हणाला. "सही नसेल तर ते वकिलाकडून नोटीस पाठवतील. मी आपलं सांगतोय."

तिने पेन उचललंही होतं. मघाच्या सुटकेने ती इतकी सैल पडली होती, की त्या क्षणी कोणी काहीही मागितलं असतं तरी देऊन बसली असती. पण टोपण काढता काढता तिला थोरल्या बहिणीचा चेहरा आठवला.

"माझी ताई वकील आहे. तिला दाखवून सांगते."

"म्हणजे तुमच्याकडूनही वकीलच आला," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

ताई गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होती. बारकीची सगळी हकीकत तिने झारी हातात ठेवूनच ऐकली, मग हात पुसून चष्मा लावला आणि आधी तो कागद वाचला, मग बारकीच्या फोनवर बोलपाटीचं पान.

"यावर सही केलीस तर मी तुला ओळखत नाही," ती कागद परत देत म्हणाली. "खालचा मजकूर बरा आहे. फुकट दिलेली वस्तू, शिवाय एवढं स्पष्ट लिहिलेलं. नोटीस पाठवू देत, उत्तर मी देईन. त्यांच्या हाती फारसं काही लागेल असं मला वाटत नाही."

"मग झालं तर," बारकी म्हणाली, पण तिचा चेहरा काही उजळला नाही.

"झालं कुठे? कायदा बाजूला ठेव. ही वरची ओळ बघ. मी आहेच. खरं आहे का हे, बारके?"

"म्हणजे?"

"आहेस का तू? ताप आला तर आहेस? लेकीची परीक्षा असली तर आहेस? आप्पांना तू रोज म्हणायचीस, मी आहे ना. ते खरं होतं. कारण आप्पा एकटे होते आणि पलीकडच्या खोलीत होते. आता ही कुठली कुठली माणसं आहेत, किती आहेत, तुला तरी माहीत आहे?"

बारकी कुंडीच्या कडेवरची माती नखाने खरवडत बसली. "आज त्या बाईंचा आवाज गेला असता तर, ताई? मग कुठला मजकूर कामाला आला असता?"

"कुठलाच नाही." ताई तिच्याजवळ येऊन बसली. "म्हणून तर सांगतेय. हमी नाही असं आपण सांगतो, ते ऐकून माणसाने सावध व्हावं. आवाजाची दुसरी प्रत ठेवावी. सगळीकडे टाकायच्या आधी एका ठिकाणी चालवून बघावं. तू ते बारीक अक्षरांत तळाला टाकलंस आणि वर असं गोड बोललीस, की कोणालाही वाटावं, आपण आता निर्धास्त. दोन्ही तुझंच लिहिणं. माणसाने खरं कोणतं धरायचं?"

बारकीला रडू आलं. ताईने रडू दिलं. पुढे आणखी समजूत वगैरे काही घातली नाही, उठून उरलेल्या कुंड्यांना पाणी घातलं.

चुकीची दुरुस्ती केलेली आवृत्ती बारकीने मंगळवारीच संध्याकाळी टाकली होती, माफी मागून. रविवारी दुपारी तिने ती वरची ओळ काढली. फोन नंबर काढला. त्या जागी लिहिलं, 'बोलपाटी मी एकटी, नोकरी सांभाळून बनवते. ती बंद पडू शकते. माझ्या चुकीनेही पडू शकते. पाटीतल्या आवाजांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवाच. नवी आवृत्ती आधी एका टॅबलेटवर चालवून बघा. फोनवर मी मदत करू शकणार नाही. प्रश्न चर्चेच्या पानावर टाका, मी शनिवारी तिथे असते. मधल्या दिवसांत एकमेकांना सांभाळून घ्या.' व्यवस्थापकालाही दोन ओळी पाठवल्या, की सही करता येणार नाही, का ते पानावर लिहिलं आहे, आणि राग मानू नये.

मग ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. "लोक शिव्या घालतील रे."

"घालू देत," नवरा म्हणाला. तो भांडी विसळत होता. "पाण्यात हात सोडला की पहिली दोन मिनिटं पोरं मलाही घालतात."

तो आठवडा तिला फार लांबला. दहादा बोट त्या पानाकडे गेलं, दहादा तिने मागे घेतलं. आपण उत्तर दिलं नाही म्हणून कुठेतरी कोणीतरी कपाळ बडवून घेतंय, असं सारखं वाटत राहिलं. काट्यांच्या तपासणीत एक वजन तिने हातमोजे न घालताच उचललं आणि सहकाऱ्यांची बोलणी खाल्ली.

शनिवारी सकाळी लेक क्लासला गेली, नवरा तलावावर गेला, आणि तिने पान उघडलं.

सोमवारी कोणीतरी विचारलं होतं, की बोट थरथरत असेल तर एकाच चित्रावर दोनदा आवाज येतो, काय करावं? खाली कुठल्याशा शहरातल्या एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी उत्तर लिहिलं होतं, चित्रांसकट, पायरीपायरीने. बारकीनेही इतकं नीट सांगितलं नसतं. पुढचा प्रश्न, त्यालाही उत्तर. त्याच्या पुढच्याला दोन उत्तरं आणि त्या दोघांचं आपसांतलं सभ्य भांडण. एकाने लिहिलं होतं, 'फुकटचं काम गळ्यात मारून पळून गेलात.' त्याच्याखाली कोणीतरी त्याला विचारलं होतं की बाबा, तुझं अडलंय काय ते सांग, आणि मग त्याचं अडलेलं सोडवूनही दिलं होतं.

त्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंचं आणखी एक टिपण होतं, बारकीसाठी. 'मॅडम, यातली कितीतरी उत्तरं मला केव्हापासून ठाऊक होती. पण मी लिहायला घेईपर्यंत तुमचं आलेलं असायचं. वाटायचं, इथे तुम्हीच बोलायचं असतं.'

बारकीने ते पुन्हा पुन्हा वाचलं. तिचे खांदे कानांपाशी चढून बसले होते हे ते खाली आल्यावर तिला कळलं. इतकी वर्षं आपण एकटीने सगळं उचलून धरलंय असं समजून ती दमत होती, आणि हे लोक हात पुढे करून वाट बघत उभे होते. ती खुर्चीतच मागे रेलली. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिला भूक लागली होती, चांगली सणसणीत. कितीतरी दिवसांनी.

दुपारी फोन वाजला. नंबर व्यवस्थापकाचा. तिने तो दोनदा वाजू दिला, मग उचलला.

"मॅडम, बोलपाटी चालू आहे, ते आधी सांगतो," तो घाईने म्हणाला. "तुम्ही घाबराल म्हणून."

"बोला ना."

"तुमचं नवं लिहिलेलं विश्वस्तांना वाचून दाखवलं. आधी चिडले. मग एकजण म्हणाले, यातल्या निम्म्या गोष्टी आपल्याच हातातल्या आहेत. आता त्या दिवशी तुमच्या शेजारी बसलेल्या मुलीला पाट्यांचं काम नेमून दिलंय. सगळ्यांचे आवाज तिने दुसरीकडेही भरून ठेवलेत. आणि नवी आवृत्ती आली की आधी एकीवर."

"छान केलंत."

"खरं सांगू का?" तो म्हणाला. "न बघता सगळ्यांवर एकदम टाकली, ती माझी चूक होती. त्या दिवशी तुम्ही तुमची पटकन कबूल केलीत, मला काही जमलं नाही. घरचे लोक विचारायचे, याला जबाबदार कोण? मी तुमचं नाव सांगून मोकळा व्हायचो. पण मोकळा कुठला? तुमचा फोन लागेपर्यंत जीव टांगणीला. आता कोणी विचारलं तर मी सांगतो, मी आहे जबाबदार. गंमत म्हणजे त्याने बरं वाटतं हो. रात्री झोप लागते."

"आणि तो कागद?"

"कुठला कागद?" तो म्हणाला, आणि दोघंही हसले.

त्यानंतरच्या एका शनिवारी गणिताच्या बाईंचं टिपण आलं. नवऱ्याने टाइप करून दिलं असणार, पण भाषा बाईंचीच होती. 'ऑपरेशनच्या आधी मी सगळी वाक्यं भरली. हसायचं मात्र राहून गेलं. पाटी "मला हसू येतंय" असं म्हणते, तेव्हा समोरच्याचं हसू जातं. कोणाचंही चालेल, चांगलं मोठं बघून एक हसणं घालावं. घाई नाही.'

बारकी त्याच दुपारी कामाला लागली. कोणी हाकलतंय म्हणून नव्हे, मजा वाटली म्हणून. अशी मजा तिला किती दिवसांत वाटली नव्हती. घरातल्यांना तिने जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं, मध्ये फोन ठेवला आणि म्हणाली, हसा. कोणाला येईना. नवऱ्याचं हसणं सायकलच्या पंपासारखं आलं. लेकीने तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा ती खोटं बोलताना पकडल्यासारखी वाटली. ताई सहज म्हणून आली होती, तिलाही बसवलं. "मी कोर्टात जाणारी बाई, मला ऑर्डर देऊन हसता येत नाही," असं म्हणून ती ताठ बसली. मग नवऱ्याने पुन्हा एकदा मन लावून पंप मारला, आणि ताईने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिचा बांध फुटला. ती टेबलावर डोकं टेकवून हसली, हात हलवून 'बंद करा ते' म्हणत हसली, आणि शेवटी तिला उचकी लागली.

बारकीने ते उचकीसकट ठेवलं.